गॅस गेला कुठे?

विदर्भात मे महिन्यात गाडीचा एसी बिघडला, की घराचं वेळापत्रकच बदलतं. दुपारची कामं पहाटेवर ढकलावी लागतात, परगावच्या लग्नाला उजाडायच्या आत निघावं लागतं, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ‘तुम्ही नका येऊ’ असं सांगायची वेळ येते. पारा ४५ अंशांच्या पुढे गेल्यावर काचा खाली करून भागत नाही. बाहेरून आत येते ती झळ असते. वर्ध्याहून सासूबाईंना तपासणीसाठी नागपूरला न्यायचं, तर तो रस्ता त्यांना सोसेल की नाही, हे डॅशबोर्डमागच्या वीतभर कॉइलवर ठरतं. म्हणून जुन्या गाडीच्या एसीबद्दल मी इतक्या आस्थेने लिहिते आहे.

आमच्या गाडीने पंधरा वर्षं ओलांडली आहेत. आरटीओत फिटनेस दाखवून, पर्यावरण कर भरून तिची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतली आहे. इंजिन खणखणीत आहे, पत्रा शाबूत आहे. एसी मात्र गेल्या उन्हाळ्यात हळूहळू हात आखडता घेऊ लागला. महामार्गावर धावताना गार वारा यायचा. बुटीबोरीजवळ ट्रकांच्या रांगेत अडकलो, की तोच वारा कोमट व्हायचा. पुन्हा वेग घेतला की पुन्हा गार. एकदम बंद पडलेल्या यंत्रापेक्षा असं अर्धवट चालणारं यंत्र जास्त छळतं, कारण आपण त्याच्या बऱ्या क्षणांवर विसंबून राहतो.

उन्हाळा लागला की आमच्याकडे रस्त्यांच्या कडेला ‘एसी गॅस भरून मिळेल’ असे बोर्ड दिसू लागतात. अर्ध्या तासाचं काम, ठरलेला दर. वाहनमालकही येताना निदान सोबत घेऊनच येतात: गॅस संपला, भरून टाका. पेट्रोल जळतं, ऑइल जुनं होतं, बॅटरीतलं पाणी आटतं. तसाच गॅसही संपत असेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. ज्या मिस्त्रींकडे मी गाडी नेली, त्यांनी मात्र बॉनेट उघडण्याआधीच ही समजूत बाजूला ठेवली. ‘ताई, गॅस काही पेट्रोल नाही जळून जायाले,’ ते म्हणाले. ‘गेला, त कुठून तरी गेलाच असन. आधी ते पाहू.’

त्यांचं म्हणणं किती खरं आहे, हे एसी चालतो कसा ते समजून घेतल्यावर पटतं. विदर्भातल्या माणसाला त्याचं मूळ तत्त्व नवं नाही. माठ झिरपतो म्हणून पाणी गार होतं. वाळ्याच्या ताटीवर पाणी मारलं की खोली निवते. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. ही उष्णता तापमापकावर दिसत नाही, पण तिचं मोजमाप करता येतं, हे स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकात दाखवून दिलं. माठातलं पाणी एकदा उडालं की गेलं. म्हणून माठ रोज भरावा लागतो. एसीत तीच क्रिया बंद नळ्यांमध्ये होते आणि उडालेलं सगळं परत गोळा केलं जातं. कॉम्प्रेसर वायूला दाबतो, रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेला कंडेन्सर त्याची उष्णता बाहेरच्या वाऱ्यावर सोडून त्याचा द्रव करतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो द्रव कमी दाबाच्या कूलिंग कॉइलमध्ये शिरतो आणि तिथे उकळू लागतो. एसीतला आर-१३४ए हा गॅस मोकळ्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. कॉइलमधल्या दाबाला शून्याच्या थोडा वर. भर उन्हात, आपल्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर काहीतरी उकळत असतं आणि त्या उकळण्यानेच आपल्याला गारवा मिळतो. नंतर तो वायू पुन्हा कॉम्प्रेसरकडे जातो. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षाकाठी थोडासा झिरपतो, तेवढा सोडला तर या फेऱ्यात खर्च होणारं काहीच नाही. गॅस कमी झाला असेल, तर कुठेतरी वाट फुटली आहे.

तरीही मिस्त्रींनी आधी गॅसला हात लावला नाही. त्यांचा क्रम ठरलेला होता आणि तो पाहण्यासारखा होता. सगळ्यात आधी हवा. ब्लोअर पूर्ण जोराने फिरतो का, केबिन फिल्टर धुळीने बुजला आहे का, हीटरची झडप नीट मिटते का. कारण ती अर्धवट उघडी राहिली, तर गार झालेली हवा हीटरवरून जाऊन पुन्हा तापते आणि दोष एसीच्या माथी येतो. मग कंडेन्सर. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे काटेसावरीची बोंडं फुटतात आणि त्यांचा कापूस वाऱ्यावर उडत असतो. तो कंडेन्सरच्या पात्यांत अडकतो, त्यावर धूळ बसते आणि उष्णतेला बाहेर पडायची वाटच उरत नाही. त्यांनी पाण्याच्या हलक्या धारेने, आतून बाहेर, तो सगळा थर काढला. पात्यांवर जोराचं पाणी मारलं तर ती दुमडतात, म्हणून हलक्या धारेने. पंखा वेळेवर सुरू होतो का तेही पाहिलं. उभ्या गाडीला वारा मिळतो तो केवळ पंख्याचा. रांगेत अडकल्यावर एसी कोमट होण्यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

मग कॉम्प्रेसरचा क्लच. बेल्टवरची पुली इंजिनसोबत फिरतच असते. एसीचं बटण दाबलं की विजेचं चुंबक पुढची प्लेट ओढून पुलीला चिकटवतं आणि ‘टक्’ असा आवाज येतो. प्लेट आणि पुली यांच्यातली फट असते जेमतेम अर्धा मिलिमीटर. वर्षानुवर्षांच्या घासण्याने ती रुंदावते. चुंबकाची गुंडाळी तापली की तारेचा विद्युतरोध वाढतो, ओढ कमी पडते आणि भर दुपारी क्लच सुटतो. सकाळच्या गारव्यात तोच क्लच बिनबोभाट लागतो. म्हणून मिस्त्री एसीची तक्रार असलेली गाडी सकाळी बघतच नाहीत. ‘दुपारी दोनले आणा,’ असं सांगतात. बिघाड ज्या वेळी होतो त्याच वेळी त्याला गाठायचं, हा त्यांचा नियम आहे. त्यांनी फीलर गेजची पातळ पट्टी त्या फटीत सरकवून पाहिली. फट ठीक होती.

त्यानंतर गेज लागले. निळा कमी दाबाचा, लाल जास्त दाबाचा. इथे मला एक गोष्ट पहिल्यांदा समजली आणि ती प्रत्येक वाहनमालकाला ठाऊक असायला हवी. इंजिन बंद असताना दोन्ही काटे एकाच आकड्यावर येऊन थांबतात. ४० अंशांच्या गरमीत सुमारे १३० पौंडांवर. आत थोडासाही द्रव शिल्लक आहे तोवर हा दाब फक्त तापमानावर ठरतो. गॅस पुरेपूर असो की निम्मा, काटा तिथेच. म्हणजे बंद गाडीला गेज लावून ‘गॅस बरोबर आहे’ असं सांगणाऱ्यालाही आत काय आहे ते कळलेलं नसतं. इंजिन सुरू केल्यावर चित्र उलगडतं. दोन्ही बाजूंचे दाब कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर गॅस अधिक भरलेला, किंवा आत हवा शिरलेली, किंवा कंडेन्सरला वारा नाही. कमी दाबाचा काटा शून्याखाली घसरला तर व्हॉल्व्हपाशी अडथळा. आणि कमी बाजू चढलेली, जास्त बाजू उतरलेली असेल तर कॉम्प्रेसरच थकलेला. अशा उन्हात निळा काटा ३५-४० आणि लाल २२५-२५० च्या घरात असायला हवा होता. आमच्या गाडीत निळा २० च्या खाली होता आणि लाल १६० च्या आसपास रेंगाळत होता. गॅस कमी होता, हे तर खरंच. ‘भरून टाका’ म्हणणाऱ्यांचं निदान इथवर बरोबर ठरलं असतं. पण मिस्त्रींचं काम इथून सुरू झालं.

गळती शोधणं हे डोळ्यांचं आणि धीराचं काम आहे. आतला गॅस एकटा फिरत नसतो. कॉम्प्रेसरचं तेल त्याच्यासोबत सगळीकडे फिरतं. गॅस जिथून निसटतो तिथे तेलाचा अंश मागे राहतो आणि त्यावर धूळ चिकटते. म्हणून प्रत्येक जोडावर, नळीच्या प्रत्येक आवळलेल्या टोकावर ते बोट फिरवून बघत होते. बोटाला काळपट, तेलकट धूळ लागली की थांबायचं, साबणाचा फेस लावायचा आणि टक लावून बघायचं. भरण्याच्या तोंडातली पिन पाहिली, कंडेन्सरचे कोपरे पाहिले, कॉम्प्रेसरचा शाफ्ट पाहिला. सगळं कोरडं होतं. बाहेर काहीच सापडत नाही म्हटल्यावर उरली ती एकच जागा, हात न पोचणारी: डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल.

तिथे त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. कूलिंग कॉइलवर हवेतली ओल जमते, तिचं पाणी एका बारीक नळीतून गाडीखाली टपकतं. पावसाळ्यात ते धो धो टपकतं आणि मेमधल्या कोरड्या हवेत जवळजवळ नाहीच. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी टपकत नाही म्हणून घाबरायचं कारण नसतं. आर-१३४ए हवेपेक्षा सुमारे साडेतीन पट जड आहे. कॉइलमधून निसटला तर तो वर चढणार नाही, खाली उतरेल, आणि त्या पेटीतून खाली जायची वाट एकच, निचऱ्याची नळी. त्यांनी गाडी बंद करून, काचा लावून थोडा वेळ तशीच राहू दिली, मग गाडीखाली सरकून गॅसची चाहूल घेणाऱ्या डिटेक्टरचं टोक त्या नळीच्या तोंडाशी नेलं. इतका वेळ संथपणे टिकटिकणारं ते यंत्र एकदम किंचाळायला लागलं. डॅशबोर्डचा एक स्क्रूही न काढता गळती कुठे आहे ते कळलं होतं. पदार्थाचा स्वभाव माहीत असला, की त्याच्या मागे धावावं लागत नाही. तो कुठे येईल तिथे आधीच जाऊन थांबता येतं.

मग उरलेला गॅस मशीनने सिलिंडरमध्ये ओढून घेतला. बऱ्याच ठिकाणी तो नळी सोडून हवेत जाऊ देतात. इथे तो काट्यावर तोलला गेला. बॉनेटच्या आतल्या पट्टीवर साडेचारशे ग्रॅम लिहिलेलं होतं. काट्यावर दोनशेही भरले नाहीत. त्यानंतर डॅशबोर्ड उतरला. जुन्या गाडीचा डॅशबोर्ड उतरवणं हे जिकिरीचं काम असतं. प्लॅस्टिकच्या खिट्ट्या उन्हाने ठिसूळ झालेल्या असतात आणि तुटल्या की पुढे आयुष्यभर खडखडतात. मिस्त्रींच्या हाताखालचा मुलगा प्रत्येक स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवत होता.

कॉइल बाहेर आली तेव्हा तिच्या खालच्या अंगाला पाल्याचा काळा, ओला थर दिसला. कडुनिंबाची पानं बारीक. काचेखालच्या जाळीतून आत शिरतात, कॉइलवर जाऊन बसतात, तिथल्या ओलीत कुजतात. आमच्या गाडीने कडुनिंबाच्या सावलीत उन्हाळ्यामागून उन्हाळे काढले आहेत. मिस्त्रींनी तो थर ब्रशने हलकेच काढला. खालचं ॲल्युमिनियम पांढुरकं, खडबडीत झालं होतं. कॉइलची तोंडं बंद करून त्यांनी आत नायट्रोजन भरला. साधी हवा भरली तर तिची ओल आत जाते, म्हणून नायट्रोजन. मग सायकलची ट्यूब पंक्चरसाठी बुडवतात तशी ती कॉइल पाण्याच्या टबात बुडवली. पाणी निवळायला थोडा वेळ गेला. मग कोपऱ्याजवळून बुडबुडे वर येऊ लागले, मोहरीहूनही बारीक, पण एकामागून एक, न थांबता. छिद्र डोळ्यांना दिसतच नव्हतं. आमचा सगळा उन्हाळा त्या न दिसणाऱ्या छिद्राने अडवून धरला होता.

इथून पुढचं काम पद्धतीचं. नवी कॉइल, नवा ड्रायर, उघडलेल्या प्रत्येक जोडाला नवी ओ-रिंग. गळती आतून बुजवणारं रसायन बाजारात मिळतं. मिस्त्री ते वापरत नाहीत, कारण ते छिद्रापुरतं थांबत नाही, व्हॉल्व्हमध्ये आणि मशीनमध्येही जाऊन बसतं. मग व्हॅक्यूम. पंप लावून आतली हवा इतकी ओढायची, की पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जावं. आत ओल राहिली तर ती व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठते आणि तेलात मिसळून आम्ल तयार करते. ते धातूला आतून खातं. पंप बंद करून काटा हलतो का ते बघत ते बराच वेळ बसले. काटा जागचा हलला नाही. मग काट्यावर तोलून, लिहिलं होतं तेवढाच गॅस भरला. इथे जास्त म्हणजे चांगलं, असं नसतं. जादा गॅसने दाब चढतो, गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. सगळं जुळल्यावर वाऱ्याच्या जाळीत तापमापक अडकवला, तेव्हा बाहेर झळा सुरू होत्या आणि जाळीत पारा ९ अंशांवर आला होता.

त्या काट्यावरच्या हिशेबातून एक प्रश्न मात्र माझ्या मनातून जाईना. अडीचशे ग्रॅमहून अधिक गॅस आमच्या गाडीतून निघून गेला होता. तो गेला कुठे? गाडीतून गेला, एवढंच आपण म्हणतो. जगातून तो गेलेला नसतो.

हा प्रश्न एकदा साऱ्या जगापुढे उभा राहिला होता. शीतयंत्रांत पूर्वी अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मेथिल क्लोराइड असे विषारी वायू असत आणि गळतीने माणसं मरत. १९२८ मध्ये थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर उपाय शोधला: न जळणारा, न विषारी असा आर-१२. पुढे मोटारींच्या एसीतही तोच आला. इतका निरुपद्रवी, की तो कुठे जातो याची चौकशी करायचं कुणाला कारण वाटलं नाही. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी ती चौकशी केली. त्यांनी दाखवलं, की हे वायू खाली कशातच विरघळत नाहीत, वर चढत राहतात आणि तिथे अतिनील किरणांनी फुटून त्यांतला क्लोरीन ओझोन नष्ट करतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनची घट जाहीर झाली, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि १९९५ मध्ये या दोघांना पॉल क्रुट्झेन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालं. आर-१२ च्या जागी आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो आर-१३४ए पृथ्वी तापवण्यात सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे. आमच्या गाडीत मावतो तेवढा साडेचारशे ग्रॅम गॅस हवेत गेला, तर पावणेतीनशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं होतं. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार भारतालाही या जातीच्या वायूंचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने उतरवायचा आहे. नव्या गाड्यांत सौम्य गॅस येतील. जुन्या गाड्या मात्र अजून वर्षानुवर्षं रस्त्यावर राहणार आहेत, आणि त्यांच्यातला गॅस नळ्यांत राहतो की आभाळात जातो, हे गल्लोगल्लीच्या गॅरेजांत ठरणार आहे.

गळकी यंत्रणा दर उन्हाळ्यात भरून घेणं म्हणजे दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला. त्यात पैसे जातात, गारवा चार-दोन महिने टिकतो आणि तापलेल्या विदर्भात आपण स्वतःच्या हाताने आणखी उष्णतेची तरतूद करतो. पण यात भरणाऱ्या मेकॅनिकलाच दोष देणं मला न्यायाचं वाटत नाही. गॅस भरून देणाऱ्याला अर्ध्या तासात पैसे मिळतात. शोधणाऱ्याचा दिवस मोडतो, आणि त्या दिवसाबद्दल गिऱ्हाईक विचारतं, ‘म्हणजे केलं काय तुम्ही?’ बोट फिरवणं, वाट पाहणं, निचऱ्याच्या नळीशी यंत्र धरण्याची युक्ती सुचणं, यांतलं काहीच सुटा भाग म्हणून हातात देता येत नाही.

आमच्या बिलावर कॉइल होती, ड्रायर होता, ओ-रिंगा होत्या, गॅस होता, फिटिंगची मजुरी होती. गळती शोधल्याचे पैसे त्यांनी लावलेच नव्हते. मी ते लावायला सांगितलं. ‘त्याचे काय पैसे, ताई? ते त पाहावंच लागते,’ ते म्हणाले. मी आग्रह धरला आणि त्यांनी जरा संकोचानेच एक ओळ वाढवली. ती ओळ प्रत्येक गॅरेजच्या बिलात असावी, आणि कॉइलच्या वरती असावी, असं मला मनापासून वाटतं. नवी कॉइल कुणीही बसवू शकला असता; ती कॉइलच बदलायची आहे, हे कळायला ज्ञान लागलं. वस्तूचे पैसे आपण मुकाट्याने देतो आणि विचाराचे द्यायला काचकूच करतो, म्हणून विचार करणारी माणसं या धंद्यातून कमी होत चालली आहेत. मिस्त्रींच्या हाताखालचा तो मुलगा पुढे नुसता गॅस भरणारा होईल की गळती शोधणारा, हे त्याच्या हुशारीवर जेवढं अवलंबून आहे तेवढंच आपल्यासारख्या गिऱ्हाइकांवरही आहे. शोधायला लागलेला वेळ ज्या दिवशी आपण कामाचा वेळ म्हणून मोजू, त्या दिवसापासून जुन्या गाड्याही नीट चालतील आणि त्यांना नीट ठेवणारी माणसंही टिकतील.